प्रेतांचे युद्ध आणि पांढरपेशे वाचक

कादंबरीतील नायिकेच्या स्वभावावरून वाचकांनी वाद घालावा, शेवट शोकान्त हवा होता की नको यावरून हमरीतुमरीवर यावे, हे आपल्या परिचयाचे आहे. परंतु कादंबरीतल्या एका लढाईत तोफखाना जितका परिणामकारक ठरायला हवा होता तितका लेखकाने ठरू दिला नाही, रणगाड्यांचा उपयोग चुकीचा दाखवला, कोणत्याही आधुनिक सैन्यात दारूगोळ्याचा पुरवठा इतका गलथान नसतो, असे आक्षेप वाचक वर्षानुवर्षे हिशेब मांडून घेत आहेत, आणि ही लढाई तर मुळात मेलेल्या माणसांशी झालेली आहे, असे पाहिले म्हणजे क्षणभर चक्रावल्यासारखे होते. मॅक्स ब्रुक्स या अमेरिकन लेखकाच्या ‘वर्ल्ड वॉर झेड’ या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीच्या वाट्याला असे वाचक आले. तिचा विषय एवढाच की, मेलेली माणसे उठून चालू लागतात, जिवंतांना चावतात, चावा घेतलेला माणूसही मरून उठतो, आणि पाहता पाहता हा रोग साऱ्या पृथ्वीवर पसरतो. विषय बाजारू, पण तिच्या वाचकांनी तिच्याशी जे नाते जोडले ते बाजारू नाही, आणि म्हणूनच अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्याविषयी चार शब्द लिहिले तर ते अस्थानी ठरू नयेत.

या चालत्या प्रेतांना इंग्रजीत ‘झॉम्बी’ म्हणतात. हा शब्द मराठीत आणताना थोडा संकोच होतो, कारण ‘झोंबी’ हा आपला स्वतःचा शब्द आहे आणि त्या नावाची आनंद यादव यांची १९८७ सालची आत्मचरित्रात्मक कादंबरी आपल्या मनात पक्की बसलेली आहे. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरीही यादवांच्या पुस्तकाची आठवण मला पुढे एकदा काढावी लागणार आहे.

झॉम्बीची कल्पना मूळची हैती या कॅरिबियन देशातली. तेथील उसाच्या मळ्यांत फ्रेंच वसाहतवाल्यांनी आफ्रिकेतून आणलेले गुलाम मरेपर्यंत राबवले. १८०४ साली हैती स्वतंत्र झाला तरी लोकसमजुतीत एक भय शिल्लक राहिले: मांत्रिक मेलेल्या माणसाला थडग्यातून उठवतो आणि त्याला शेतात राबवतो. गुलामाला मरणानंतर तरी सुटका असते. झॉम्बीला तीही नसते. १९१५ ते १९३४ या काळात हैती अमेरिकन सैन्याच्या ताब्यात असताना विल्यम सीब्रुक या प्रवासी लेखकाने १९२९ मध्ये आपल्या पुस्तकात या कथा सांगितल्या. उसाच्या मळ्यात काम करणाऱ्या मुडद्यांच्या त्याच्या कथेत एका अमेरिकन साखर कंपनीचा उल्लेख यावा, हा निव्वळ योगायोग म्हणवत नाही. पुढे १९६८ साली जॉर्ज रोमेरो या दिग्दर्शकाने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा अल्प खर्चातला चित्रपट काढला, तेव्हा या प्रेताला मांत्रिक उरला नाही आणि काम करणे थांबवून ते माणसे खाऊ लागले. त्याच दिग्दर्शकाच्या १९७८ सालच्या चित्रपटात तर ही प्रेते एका मोठ्या बाजारसंकुलात सवयीने येऊन घुटमळतात. हैतीचा झॉम्बी हा मजुरी न मागणारा मजूर होता; अमेरिकेने त्याला गिऱ्हाईक केले. ब्रुक्स यांच्या कादंबरीत तो या दोहोंपलीकडे जाऊन इतरांच्या मजुरीची किंमत ठरवू लागतो. पण ते पुढे पाहू.

ब्रुक्स हे मेल ब्रुक्स या विख्यात विनोदी चित्रपटकाराचे आणि अॅन बॅन्क्रॉफ्ट या अभिनेत्रीचे चिरंजीव. २००३ साली त्यांनी प्रेतांपासून बचाव कसा करावा याचे एक गमतीचे मार्गदर्शक पुस्तक लिहिले. वाचकांनी ते गमतीने घेतले की गांभीर्याने, हे खुद्द वाचकांनाही सांगता आले नसते. तीन वर्षांनी आलेल्या कादंबरीत मात्र गंमत फारशी नाही. कथा सांगण्याची तिची पद्धत अशी की, युद्ध संपून काही वर्षे लोटली आहेत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगाचा अहवाल तयार करणारा एक निनावी कर्मचारी देशोदेशी हिंडून वाचलेल्या माणसांच्या जबान्या घेत आहे. चिनी खेड्यातला डॉक्टर, माणसे चोरून सीमेपार नेणारा दलाल, पाणबुडीवरचा अधिकारी, घराबाहेर न पडणारा जपानी तरुण आणि अणुबॉम्बमुळे आंधळा झालेला वृद्ध माळी, असे एकामागून एक येतात, आपापले सांगतात आणि निघून जातात. नायक नाही, नायिका नाही. ही पद्धत स्टड्स टर्केल या शिकागोच्या मुलाखतकाराची. दुसऱ्या महायुद्धातील सामान्य माणसांच्या आठवणींचे टर्केल यांचे पुस्तक १९८४ साली आले आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ब्रुक्स यांनी आपल्या पुस्तकात टर्केल आणि रोमेरो या दोघांचेही ऋण मान्य केले आहे. अशी जोडी एका ऋणपत्रात क्वचितच आढळेल.

आता वाचकांच्या पहिल्या वादाकडे वळू. न्यूयॉर्कच्या उत्तरेस लागूनच असलेल्या यॉन्कर्स या शहरात अमेरिकन सैन्य प्रेतांच्या लोंढ्याला पहिल्यांदा उघड्यावर तोंड देते. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर देशाला धीर यावा यासाठी ही लढाई योजलेली असते. रणगाडे, विमाने, रासायनिक हल्ल्यापासून बचाव करणारे जड पोशाख, खणलेले खंदक, सगळा थाट जुन्या युद्धाचा. आणि समोर असा शत्रू की ज्याला रसद लागत नाही, झोप लागत नाही, धक्का बसत नाही आणि भीती वाटत नाही. सैन्याची धूळधाण उडते. या प्रकरणावर वाचक तुटून पडले. त्यांत सैन्यात नोकरी केलेले पुष्कळ होते. त्यांचे म्हणणे असे की, मेंदू फुटल्याशिवाय प्रेत थांबत नाही हे मान्य केले, तरी तोफगोळ्याच्या स्फोटाने आणि उडणाऱ्या तुकड्यांनी शरीराच्या चिंधड्या होतात त्याचे काय? नुसते रणगाडे लोंढ्यावरून फिरवले असते तर काय झाले असते? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, लेखकाला तोफखान्याविषयी बोलायचेच नव्हते. मागचे युद्ध पुन्हा लढण्याची सेनापतींची खोड त्याला दाखवायची होती, आणि इराकमधील अनुभव ताजा असताना त्याने ती अचूक दाखवली.

मला यात दुसरा पक्ष बरोबर वाटतो, पण पहिल्या पक्षाविषयी अधिक आदर वाटतो. ज्या पुस्तकावर विश्वास बसत नाही त्याच्या चुका काढण्यात कोणी रात्री घालवत नाही. हे वाचक कादंबरीवर टीका करत नव्हते. इतिहासकाराच्या ग्रंथात तपशिलाची चूक सापडावी आणि ती दुरुस्त व्हावी अशी त्यांची तळमळ होती. कादंबरीला इतिहास मानण्याचा हा मान अमेरिकन शासनयंत्रणेनेही कळत-नकळत देऊ केला. २०११ च्या मे महिन्यात त्या देशाच्या रोगनियंत्रण केंद्राने नागरिकांना वादळ-भूकंपासाठी सिद्ध राहण्याचा जुनाच उपदेश प्रेतांच्या साथीच्या निमित्ताने केला, तेव्हा तो वाचायला इतकी झुंबड उडाली की केंद्राची संगणकयंत्रणा कोलमडली. त्याच वर्षी अमेरिकेच्या एका लष्करी विभागाने प्रशिक्षणाचा भाग म्हणून प्रेतांविरुद्धच्या युद्धाची रीतसर योजना लिहून काढली होती, हे २०१४ साली उघड झाले. खुद्द ब्रुक्स पुढे वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीच्या युद्ध-अध्ययन संस्थेशी मानद अभ्यासक म्हणून जोडले गेले. मुडद्यांच्या गोष्टी लिहिणाऱ्याला एवढी प्रतिष्ठा मिळणे हे अमेरिकेतच घडू शकते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण आपल्याकडेही वेताळाने विक्रमाला राजनीतीच शिकवली, हे विसरून चालणार नाही.

दुसरा कल्लोळ २०१३ साली झाला. त्या वर्षी जूनमध्ये मार्क फॉर्स्टर यांनी दिग्दर्शित केलेला आणि ब्रॅड पिट यांनी निर्माण करून स्वतः भूमिका केलेला चित्रपट याच नावाने आला. पहिली पटकथा कादंबरीच्या जवळपास राहिली होती; मात्र पुढे ती बदलत गेली, चित्रपटाचा शेवटचा भाग तर चित्रीकरण झाल्यावर टाकून देऊन पुन्हा चित्रित करण्यात आला. खर्च सुमारे १९ कोटी डॉलरवर गेला. कादंबरीच्या चाहत्यांचा संताप मुख्यतः एका गोष्टीवर एकवटला: पुस्तकातील प्रेते रखडत, पाय ओढत चालतात, चित्रपटातील प्रेते धावतात आणि मुंग्यांप्रमाणे एकमेकांवर चढून भिंती ओलांडतात. बाहेरच्याला हा वाद पोरकट वाटेल. तसा तो नाही. हळू चालणाऱ्या संकटापुढे माणसाला विचार करायला वेळ असतो; म्हणूनच त्याने वेळीच विचार केला नाही हा दोष त्याच्याकडे येतो. कादंबरीचा सारा भर या दोषावर आहे: बातमी दडपणारी सरकारे, निवडणूक जवळ आली म्हणून गप्प बसणारे मंत्रिमंडळ, आपल्यापर्यंत येणार नाही म्हणून निर्धास्त असलेली उपनगरे. संकट धावत आले की यांतील प्रत्येकजण निर्दोष सुटतो. प्रेतांना पळायला लावून चित्रपटाने माणसांना माफ केले, अशी जी तक्रार काही चाहत्यांनी केली ती मला त्या वर्षी वाचलेल्या पुष्कळशा समीक्षेपेक्षा मार्मिक वाटली.

चित्रपटाने जगभरात सुमारे ५४ कोटी डॉलर मिळवले. पुस्तकाच्या वाचकांचा राग आणि तिकीट घेणाऱ्यांची संख्या यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हे निर्मात्यांना ठाऊक होते.

पण चाहत्यांच्या नजरेतून एक बदल निसटला, आणि मला तोच सर्वांत मोठा वाटतो. पुस्तकात जबान्या टिपून घेणारा जो निनावी कारकून आहे, त्याच्या जागी चित्रपटात संयुक्त राष्ट्रांचाच एक माजी अधिकारी येतो. पण तो विमाने पकडतो, प्रेतांशी झुंजतो आणि जगाला वाचवण्याची युक्ती स्वतः शोधून काढतो. ज्याच्या हातात लेखणी होती त्याच्या हातात हत्यार आले. लेखणीवाल्याला नायक करायचे तर त्याची लेखणी काढून घ्यावी लागते, असा हा व्यवहार आहे.

हे लक्षात ठेवून कादंबरीतील एका प्रकरणाकडे यावे. अमेरिकेचा पूर्व भाग गमावल्यावर सरकार रॉकी पर्वताच्या पश्चिमेस आश्रय घेते. कारखाने चालवायला हवेत, अन्न पिकवायला हवे, लाखो निर्वासितांना हिवाळ्यातून जगवायला हवे. साधनसामग्री आणि मनुष्यबळ यांची जुळणी करणाऱ्या खात्याचा प्रमुख आर्थर सिंक्लेअर सांगतो की, कामगारांची पहिली पाहणी झाली तेव्हा उरलेल्या नागरी कामगारांपैकी ६५ टक्क्यांहून अधिक लोक ‘एफ-६’ या वर्गात पडले. अर्थ असा की, त्यांच्या अंगी उपयोगाचा कोणताही व्यवसाय नाही. सल्लागार, विश्लेषक, व्यवस्थापक, जाहिरातवाले, सारे त्यात. त्यांना सुतारकाम, गवंडीकाम, शेतकाम नव्याने शिकवावे लागले, आणि शिकवणारे होते काल-परवापर्यंत त्यांच्याच घरची साफसफाई आणि डागडुजी करणारे, परदेशातून आलेले पहिल्या पिढीचे कष्टकरी. पूर्वी जाहिरातींसाठी गाण्यांचे हक्क मिळवून देणारा एक गृहस्थ आता घरांची धुराडी साफ करतो. शेजाऱ्यांच्या घरात ऊब आहे ती आपल्यामुळे, याचा त्याला अभिमान वाटतो.

या प्रकरणावर चाहत्यांचे अपरंपार प्रेम आहे. कादंबरीच्या ध्वनिमुद्रित आवृत्तीत सिंक्लेअरचा आवाज अॅलन आल्डा यांचा, तोही अनेकांच्या पसंतीस उतरलेला. वाचक ही पाने पुनःपुन्हा वाचतात, एकमेकांना सांगतात, आणि बड्या पगाराच्या बिनकामाच्या माणसाची कशी जिरली याचा आनंद लुटतात. विलक्षण भाग असा की, आनंद लुटणारे बहुतेक स्वतः ‘एफ-६’ आहेत. कचेरीत बसून काम करणारे, पुस्तके वाचणारे, दुपारच्या सुट्टीत प्रेतांपासून बचावाचे बेत आखणारे. शिवाय या बेतांचे एक अंकगणित आहे. कादंबरीत माणसे कोट्यवधींनी मरतात. पण आपण त्या झुंडीत पाय ओढत चालणारांपैकी असू, असे धरून बेत आखणारा वाचक मला आढळलेला नाही. प्रत्येकजण वाचलेला असतो, आणि प्रत्येकजण कामाचा असतो.

हा आनंद समजण्यासारखा आहे. टर्केल यांनी १९७४ साली कामाविषयी लोकांच्या मुलाखतींचे एक जाडजूड पुस्तक काढले होते. आपण दिवसभर जे करतो त्याचा कोणाला काय उपयोग होतो हे दिसत नाही, अशी खंत त्यात बँकेपासून कारखान्यापर्यंत अनेकांच्या बोलण्यात येते. धुराडी साफ करणाऱ्याला आपल्या कामाचे फळ शेजारच्या खिडकीत दिसते. आवक-जावक विभागातल्या कारकुनाला ते दिसत नाही. प्रलय आला तर निदान आपण कशासाठी आहोत ते कळेल, ही वाचकाच्या मनातली आशा भयापेक्षा जुनी आहे.

परंतु अर्थशास्त्र शिकवणाऱ्याने या आनंदात सामील होऊ नये. कोणते श्रम उपयुक्त आणि कोणते निरुपयोगी हा वाद आमच्या शास्त्रात २०० वर्षांहून जुना आहे. १७७६ च्या ग्रंथात अॅडम स्मिथने अनुत्पादक श्रम करणाऱ्यांची जी यादी दिली तिच्यात राजापासून सैनिकापर्यंत आणि धर्मगुरू, वकील, वैद्य, विद्वान लेखक यांच्यापासून विदूषक व गायकांपर्यंत सारे एका रांगेत उभे आहेत. तो लिहिणारा स्वतः प्राध्यापकी केलेला होता. १८७० नंतर जेव्हन्स, मेंगर, वालरा यांनी प्रश्नाचा रोख बदलला: मोल वस्तूच्या पोटात नसते, त्या घटकेला ती किती दुर्मीळ आहे यात असते. पाणी आणि हिरा यांचे उदाहरण विद्यार्थ्यांना पाठ असते. वेढ्यात सापडलेल्या गावात गवंडी हिऱ्याच्या भावाने जातो आणि वकील पाण्याच्या. वेढा उठला की उलट. म्हणजे ‘एफ-६’ हा माणसाचा वर्ग नव्हे, तो वेढ्याचा वर्ग आहे. सिंक्लेअरला हे कळते. त्याच्या चाहत्यांना कळते असे दिसत नाही.

आणि खुद्द सिंक्लेअरची पाहणी कोणी केली? ६५ टक्के हा आकडा आकाशातून पडला नाही. कोणीतरी निर्वासितांच्या छावण्यांतून हिंडून तक्ते भरले, नावे लिहिली, वर्ग पाडले, बेरजा केल्या. कादंबरी त्यांच्याविषयी अवाक्षर काढत नाही. खऱ्या युद्धात मात्र त्यांची नोंद आहे. १९४२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत नागरी मोटारींचे उत्पादन थांबवण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात साखरेचे रेशनिंग सुरू झाले, तेव्हा देशभर घराघरातल्या माणसांची नोंदणी करून रेशनची पहिली पुस्तके वाटण्याचे काम प्राथमिक शाळांतून झाले, आणि ते शिक्षकांनी केले. जनगणनेच्या आणि मतदारयाद्यांच्या कामाला जुंपल्या जाणाऱ्या आपल्याकडच्या शिक्षकांना यात नवल वाटणार नाही. युद्धकालीन अर्थव्यवस्था म्हणजे बंदुका आणि नांगर एवढेच नव्हे. कोणाला किती द्यायचे याची वही लागते, आणि ती वही खोटी निघाली तर बंदूक असलेल्यांचेच राज्य होते.

कादंबरीच्या प्रारंभी एक लहानसे निवेदन आहे. बरेच चाहते ते ओलांडून पुढे जात असावेत. त्या निनावी कर्मचाऱ्याने आयोगाला दिलेल्या अहवालातून माणसांच्या भावनांचा, अनुभवांचा सारा मजकूर वगळण्यात आला. आयोगाला आकडे हवे होते. तो चिडून आपल्या वरिष्ठ बाईंकडे गेला. त्यांनी सुचवले की, उरलेल्या मजकुराचे वेगळे पुस्तक करावे. ते पुस्तक म्हणजे ही कादंबरी. सिंक्लेअरच्या तक्त्यात या माणसाची जागा कोणती? ‘एफ-६’. त्याने प्रेत मारले नाही, विहीर खणली नाही. त्याने ऐकले आणि लिहून घेतले. यॉन्कर्सचा सैनिक, धुराडीवाला, स्वतः सिंक्लेअर, चाहत्यांच्या आवडीची ही सारी माणसे त्याच्या वहीत आहेत म्हणून आहेत.

२०२० साली ही कादंबरी पुन्हा हातोहाती गेली. चिनी खेड्यातल्या डॉक्टरला रोगाची चाहूल लागते आणि वरचे अधिकारी येऊन सारे प्रकरण झाकून टाकतात, हा तिचा आरंभ. वुहानमधील ली वेनलिआंग या डॉक्टरला जानेवारीत ताकीद मिळाली आणि ७ फेब्रुवारीला त्याच रोगाने त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते प्रकरण आठवणे अपरिहार्य होते. चिनी प्रकाशकाने चीनविषयीचा भाग गाळण्याची अट घातली होती आणि आपण ती नाकारली, असे ब्रुक्स यांनी त्याच महिन्यात एका अमेरिकन दैनिकात लिहिले. भीतीचे सोने करणारा औषधविक्रेताही कादंबरीत आहे: रेबीजवरची लस या रोगावर चालत नाही हे माहीत असून तो ती खपवतो, आणि युद्धानंतर अंटार्क्टिकावर भाड्याच्या जागेत लपून राहतो. त्याच्याविषयी त्या वर्षी जगभर कोणाकोणाची नावे घेतली गेली असतील ते वाचकांनीच आठवावे.

आपल्याकडे २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी सुरू झाली तेव्हा सरकारी आदेशाला अत्यावश्यक सेवांची यादी जोडलेली होती. रेशन दुकाने, किराणा, दूध, दवाखाने, बँका, वृत्तपत्रे. महाविद्यालये बंद. सिंक्लेअरचा तक्ता असा आपल्या दाराशी आला, आणि माझे नाव त्यात कोठे आहे हे मला प्रथमच छापील स्वरूपात कळले. त्या उन्हाळ्यात रस्त्याने गावाकडे चालत निघालेल्या मजुरांचे श्रम कोणत्याही व्याख्येने उत्पादक होते. यादीने त्यांना काही दिले नाही. आणि साथ ओसरल्यावर वाद उरला तो वहीचाच. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात साथीमुळे प्रत्यक्ष-अप्रत्यक्षपणे सुमारे ४७ लाख अधिक मृत्यू झाले, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये मांडला. अधिकृत आकडा ५ लाखांच्या आत होता, आणि भारत सरकारने संघटनेची पद्धत अमान्य केली. या दोन आकड्यांमधली माणसे कोठल्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत आहेत किंवा नाहीत, हा प्रश्न सोडवायला ना तोफखाना उपयोगी, ना धुराडीवाला.

हे सारे मी गेल्या वर्षी पदवीच्या वर्गात श्रमाच्या मूल्याविषयी शिकवताना सांगितले. मुले खूश झाली. त्यांतल्या निम्म्यांनी चित्रपट पाहिला होता. ‘एफ-६’ म्हणजे काय ते कळल्यावर त्यांनी लगेच आपापल्या नातलगांचे आणि माझेही वर्गीकरण केले, आणि त्यात मला कोणतीही सवलत मिळाली नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला नाही. त्याच्या घरी कोरडवाहू शेती आहे. तास संपल्यावर तो म्हणाला, “सर, म्हणजे माझे वडील आज कामाचे आहेत, आणि मी पदवी घेतली की बिनकामाचा होणार? त्यांनी मला इथे पाठवलंय ते शेतातून सुटावं म्हणून.”

मला ‘झोंबी’ आठवली ती तेव्हा. आनंद यादवांचा मुलगा बापाच्या शेतातून शाळेत जाण्यासाठी जी झुंज देतो, तिची दिशा अमेरिकन कादंबरीतल्या पुनःप्रशिक्षणाच्या नेमकी उलट आहे. मी त्याला दुर्मीळता, वेढा, पाणी आणि हिरा हे सगळे पुन्हा समजावून सांगितले. ते बरोबरच होते. तो ऐकून घेऊन म्हणाला, “पण वेढा नसताना आमच्या कांद्याचा वर्ग कोण ठरवतं?” याचे उत्तर पाठ्यपुस्तकात चार प्रकरणे पसरलेले आहे आणि त्या सायंकाळी मला ते एका वाक्यात देता आले नाही.

त्याने पुस्तक मागितले. इंग्रजी त्याला जड जाते, तरी दिले. महिन्याभराने परत आणले तेव्हा लढायांची पाने आपण सोडून दिली असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. धुराडी साफ करणाऱ्याचा भाग आणि सुरुवातीचे कारकुनाचे निवेदन एवढे मात्र त्याने शब्दकोश घेऊन वहीत मराठीत उतरवले होते. वही मी तपासायला ठेवून घेतली आहे.